ड्राइव्हची जुळणी कागदावर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या कापूस पट्ट्यातील काही जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत आता कापूस ओढणाऱ्या पंख्यांच्या आणि फीडरच्या मोटारी ड्राइव्हवर, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर, चालतात आणि पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, त्या ड्राइव्हना प्रोफिबससारख्या फील्डबसच्या (यंत्रांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्याच्या, थोडक्यात ‘बस’च्या) एकाच केबलवरून हुकूम देते. यंत्रे बसवणारे इंजिनिअर सारे चालू करून परत जातात; मात्र त्या केबलवरून कोणती माहिती कोणत्या क्रमाने जाते, याचा कागद मागे ठेवत नाहीत. ऐन हंगामात ड्राइव्ह जळाला की नवा ड्राइव्ह मिळतो, पण त्याची पीएलसीशी जुळणी करणारा माणूस मिळत नाही आणि तोवर कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात.

वास्तविक ही जुळणी आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनला समजणार नाही, अशी मुळीच नाही. प्रोफिड्राइव्ह या ड्राइव्हसाठीच्या प्रमाणित पद्धतीतील टेलिग्राम १ मध्ये, म्हणजे संदेशाच्या ठरलेल्या साच्यात, पीएलसीकडून १६ बिटांचे दोनच वर्ड (आकडे) जातात, एक चालू-बंदसारखे हुकूम देणारा कंट्रोल वर्ड आणि दुसरा वेगाचा. ड्राइव्हकडून त्याची स्थिती सांगणारा स्टेटस वर्ड आणि प्रत्यक्ष वेग परत येतो. वेगाच्या वर्डमध्ये १६३८४ म्हणजे शंभर टक्के. या आकड्याच्या दोन बाइटची, म्हणजे आठ-आठ बिटांच्या दोन भागांची, अदलाबदल झाली, तर ड्राइव्हला ६४ मिळतात, म्हणजे अर्धा टक्काही नाही. पंखा जागचा हलत नाही आणि पॅनेलवर बसचा दोष मात्र कुठेच दिसत नाही. कारण संपर्क सुरू होताना या माहितीबाबत बस फक्त एवढेच पाहते की पीएलसीत मांडलेली माहितीची रचना आणि लांबी ड्राइव्हशी जुळते का. लांबी चुकली तर देवाणघेवाण सुरूच होत नाही, पण लांबी जुळून अर्थ वेगळा निघाला, तर ते बसला कळण्याचा मार्गच नाही. ते लिहून ठेवलेल्या कागदावरूनच कळते, आणि नेमका तोच कागद कारखान्यात नसतो.

संपर्क तुटल्यास ड्राइव्हने थांबायचे की शेवटच्या वेगाने चालत राहायचे, हेही ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्येच, म्हणजे त्यात भरलेल्या सेटिंगमध्येच, ठरवलेले असते. माझ्या मते ही बाब सर्वांत गंभीर आहे, कारण यंत्राजवळ माणसे काम करत असतात आणि त्यांना याची काहीच कल्पना नसते.

म्हणून जिनिंगमालकांना विनंती आहे की, प्रत्येक ड्राइव्हचा स्टेशन क्रमांक (बसवरील त्याचा पत्ता), बॉड रेट (माहिती जाण्याचा वेग), जीएसडी फाइल (पीएलसीला ड्राइव्हची ओळख देणारी फाइल), निवडलेला टेलिग्राम, प्रत्येक वर्डचा अर्थ आणि पॅरामीटरचा बॅकअप हाती आल्याशिवाय पुरवठादाराचे शेवटचे बिल चुकते करू नये. तालुक्याच्या आयटीआयमध्येही इलेक्ट्रिशियनच्या मुलांना एक पीएलसी आणि एक ड्राइव्ह समोर ठेवून हे मराठीतून शिकवावे. केबलच्या दोन्ही टोकांचे टर्मिनेशन (टोकाला जोडायचे रोधक) आमचे वायरमन आजही बिनचूक लावतात. त्यापुढचे काम त्यांना शिकवण्याची व्यवस्था दिवाळीनंतरची आवक सुरू होण्याआधी व्हावी.

आपला,
जिनिंग कारखान्यातील एक इलेक्ट्रिशियन,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा