हिशेबाबाहेर राहिलेल्या आत्या

पुणे

प्रिय सुजाता,

सप्रेम नमस्कार.

स्तनाच्या कर्करोगाचा तुझा धोका संगणकाने ०.९ टक्के दाखवला आणि तू निश्चिंत झालीस, हे तुझ्या पत्रात वाचून मला राहवले नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तुझ्यासारखीच उत्तरे देणाऱ्या हजार स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींना येत्या पाच वर्षांत स्तनाचा कर्करोग होईल. त्या नऊ जणी कोण, हे त्यावरून कळत नाही.

शिवाय तुला काय विचारले गेले ते आठव: वय, वंश, पहिली पाळी, पहिले बाळंतपण, बायोप्सी, आणि आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कोणाला हा रोग झाला का. मिचेल गेल आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली अमेरिकेत मांडलेल्या या गणितात वडिलांकडच्या बायकांना जागाच नाही, आणि रोग कितव्या वर्षी झाला हेही ते विचारत नाही. तुझ्या आत्यांना तो त्रेचाळिसाव्या वर्षी झाला आणि त्यांची आई तरुणपणीच छातीतल्या गाठीने गेली; तू ‘नाही’ म्हणालीस ते खरेच होते, पण नेमके महत्त्वाचे तेच बाहेर राहिले. आत्या लग्न होऊन गेली की तिचे आजारपणही आपण सासरच्या खात्यावर टाकतो!

बीआरसीए या जनुकांत दोष असला की स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो; तो दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, त्यामुळे तुझे बाबा ठणठणीत आहेत यावरून काही सिद्ध होत नाही. आजींकडून तो आत्यांमध्ये आला असेल, तर बाबांमध्ये असण्याची शक्यता निम्मी, आणि त्यांच्यात असल्यास तुझ्यात येण्याची पुन्हा निम्मी. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्के आढळले आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका निराळाच.

म्हणून तू घाईने या जनुकांच्या तपासणीसाठी स्वतःचे रक्त देऊ नकोस. तपासणी आधी आत्यांची व्हायला हवी, कारण दोष कोणता हे त्यांच्यात सापडले आणि तुझ्यात तोच नाही असे दिसले, तरच तुझा धोका चारचौघींइतका आहे असे म्हणता येईल. नुसत्या तुझ्या ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवरून तसे ठरत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जनुकीय समुपदेशन मिळते. जाताना आत्यांचा शस्त्रक्रियेच्या वेळचा पॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत ने, आणि आजींचे वय बाबांकडून नक्की करून घे. त्या कितव्या वर्षी गेल्या, हे तिथे पहिल्यांदा विचारतील.

तुझी,
मेधा