पंक आणि न्यू वेव्हचा दुर्मीळ चित्रपट

महोदय,

'अर्घ! अ म्युझिक वॉर' हा डेरेक बर्बिज दिग्दर्शित चित्रपट येत्या शनिवारी येथे लंडनमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला जाणार असल्याचे कळल्यापासून मला अतिशय आनंद झाला आहे. 1980 मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेत चित्रित केलेल्या जलशांच्या या चित्रपटात तीसहून अधिक वाद्यवृंद असून बहुतेकांच्या वाट्याला एकेकच गाणे आले आहे. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, केवळ रंगमंच आणि समोरची गर्दी. पंक या बंडखोर रॉक संगीताच्या धगीतून न्यू वेव्ह या नव्या धाटणीच्या पॉप-रॉकच्या निरनिराळ्या वाटा फुटत असतानाचा तो काळ इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतो.

मला सर्वाधिक ओढ आहे ती क्लाउस नोमीची. चेहऱ्याला पांढरा रंग फासून, ऑपेराच्या तारस्वरात गाणारा हा जर्मन गायक 1983 मध्ये एड्सने गेला, त्यामुळे प्रत्यक्ष सादरीकरणाचे त्याचे हे चित्रण मला अमूल्य वाटते. शिवाय छोट्या गाडीत बसून रंगमंचावर येणारा ब्रिटिश गायक गॅरी न्यूमन आहेच. चित्रपटातील 'द पोलीस' या ब्रिटिश रॉक वृंदाने 1980 मध्येच मुंबईतही कार्यक्रम केला होता, हे आपल्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल.

हा चित्रपट घरी पाहण्याची सोयही दीर्घकाळ सहज उपलब्ध नव्हती. लंडनमधील मराठी रसिकांनी, विशेषतः तरुणांनी, ही संधी दवडू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

– एक वाचक, लंडन