डिस्चार्ज अडवलात तुम्ही, आणि मला पाठवता आरोग्य विभागाकडे?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय: आरोग्य विम्याच्या कॅशलेस क्लेमची अंतिम मंजुरी वेळेत न दिल्याबद्दल आणि नियमबाह्य कपातीबद्दल तक्रार

पॉलिसी आणि क्लेम क्रमांक ईमेलच्या विषयात दिले आहेत. कॅशलेस म्हणजे हॉस्पिटलचं बिल थेट कंपनीने भरायचं, हे तुम्हाला समजावत बसत नाही. विकताना तुम्हीच ते समजावलं होतं.

विमा नियामक प्राधिकरणाचं, म्हणजे 'इर्डाय'चं, २९ मे २०२४ चं परिपत्रक तुमच्याकडे आहेच. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा. हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आली की तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा आकारणी केली, तर ती रक्कम कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायची. यात संदिग्ध काहीच नाही.

माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. अंतिम बिल आणि डिस्चार्ज समरी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कने सकाळीच पोर्टलवर चढवली. नोंदीची प्रत जोडली आहे. तीन तास संपत आले तेव्हा पहिली क्वेरी आली: ओटी नोट्स, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदी, पाठवा. त्या गेल्यावर दुसरी: इनडोअर केस पेपर पाठवा. तेही गेल्यावर तिसरी: हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट पाठवा. काढलेलं पित्ताशय फॉर्मॅलिनमध्ये लॅबला जातं, त्याचे काप घेऊन स्लाइड तयार होतात, आणि रिपोर्ट हातात यायला काही दिवस जातात. डिस्चार्जच्या दिवशी तो सहसा कुठल्याच हॉस्पिटलकडे नसतो. तुमच्याकडे क्लेम तपासायला डॉक्टर आहेत, त्यांना हे ठाऊक नाही असं मी मानत नाही. आणि तिन्ही कागद हवेच होते, तर एकदम का मागितले नाहीत?

आता शेवटच्या कॉलबद्दल. तीन तास केव्हाच उलटून गेले, असं मी तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. उत्तर आलं, "सर, क्वेरीला रिप्लाय आला की तीन तास परत सुरू होतात." कुठल्या नियमात? "सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय." सुपरवायझर द्या म्हटलं, तर होल्डवर टाकलं. परत येऊन तेच: "क्लेम अंडर प्रोसेस आहे." मग म्हणाले, "तुम्ही पूर्ण बिल भरा, पेशंटला घरी न्या आणि नंतर रिइम्बर्समेंट टाका." ऑपरेशन झालेली बाई निघायच्या तयारीत बसली आहे आणि तुम्ही मला कॅशलेस पॉलिसीवर रोख भरायला सांगता, एवढंच मी बोललो. त्यावर ऐकून घ्यावं लागलं ते असं: "हॉस्पिटल सोडत नसेल तर तो राज्य सरकारचा विषय आहे. आरोग्य विभागाकडे तक्रार करा." आणि कॉल कट.

हे वाक्य तुमच्या स्क्रिप्टमध्ये असेल तर आजच काढून टाका. हॉस्पिटलं हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे हे खरं, आणि महाराष्ट्रात त्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. पण विमा हा केंद्रसूचीतला ४७ वा विषय. तुमची मंजुरी किती तासांत यावी, हे राज्याचा आरोग्य विभाग ठरवू शकत नाही. ते 'इर्डाय' ठरवतं, आणि त्याने ठरवलेलं आहे. पेशंट दोन कायद्यांच्या मधल्या फटीत सापडतो. ती फट बुजवणारा एकच कागद असतो, तो म्हणजे तुमचा आणि नेटवर्क हॉस्पिटलचा करार. त्यावर सही तुमची आहे, माझी नाही. क्लेम हाताळायला तुम्ही नेमलेल्या बाहेरच्या संस्थेवर, म्हणजे टीपीएवरही, बोट दाखवू नका. क्लेम नाकारण्याचा अधिकार टीपीएला नाही आणि हॉस्पिटलचे पैसे थेट कंपनीकडूनच जायला हवेत.

कपातीचंही सांगतो. आम्ही मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली, त्यामुळे बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कपात होणार हे मान्य. पण ती औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर लावता येत नाही, असा नियम २०२० पासून आहे. तुम्ही ती फार्मसीच्या बिलावर लावलीत आणि सोनोग्राफीवरही. शिवाय हाउसकीपिंग आणि ॲडमिशन किट 'नॉन-पेएबल' म्हणून आमच्या माथी मारलं. हे खर्च खोलीभाड्यात धरायचे असतात, गॉज आणि सर्जिकल ब्लेड शस्त्रक्रियेच्या खर्चात. हॉस्पिटलने ते वेगळे लावले तर तुम्ही त्यांना जाब विचारायचा. पेशंटकडून ते वसूल होऊ द्यायचे नाहीत.

मंजुरी रात्री आली. तोवर हॉस्पिटलने आणखी एका दिवसाचं खोलीभाडं लावलं होतं. ते आम्ही भरलं, तुमच्या उशिरापायी.

मला हवं आहे ते असं. त्या दिवसाचं खोलीभाडं भागधारकांच्या निधीतून परत करा. फार्मसी आणि तपासण्यांवरची कपात रद्द करा. जी कपात कायम ठेवाल, तिच्या प्रत्येक ओळीसमोर पॉलिसीतलं कलम लिहून द्या. 'ॲज पर पॉलिसी टर्म्स' हे उत्तर चालणार नाही. आणि हिस्टोपॅथॉलॉजीची क्वेरी कोणी आणि कशासाठी टाकली, याचा लेखी खुलासा द्या.

हीच तक्रार 'इर्डाय'च्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवत आहे. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन. त्यांचा निवाडा ३० दिवसांत अमलात आणला नाही तर रोज ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

या कंपनीचा हप्ता आम्ही कधीच चुकवला नाही. आईच्या मधुमेहाला संरक्षण सुरू होण्याआधीचा प्रतीक्षाकाळ याच पॉलिसीत पूर्ण झाला. पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेली, म्हणजे पोर्ट केली, तरी तो वाया जात नाही, याची खात्री करून घेतली आहे. नूतनीकरणाच्या आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज दुसऱ्या कंपनीकडे जाईल.

पॉलिसीधारक

सोबत: पोर्टलवरील नोंदीची प्रत, तिन्ही क्वेरी, अंतिम बिल, जादा खोलीभाड्याची पावती