खोक्यावर तारीख छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२२ च्या दिवाळीत आईला मोबाईल घेतला, १६ हजारांचा, हप्त्यांवर. ५जी तेव्हा नुकतंच आलं होतं, दुकानदार म्हणाला ५जी वालाच घ्या, पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको. शेवटचा हप्ता जायच्या आधीच त्याच फोनचं पुढच्या नंबरचं मॉडेल आलं, मग त्याचं प्रो आलं, मग आणखी पुढचा नंबर. आपल्याला काय करायचंय म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. पण वर्षभराने कव्हर फाटलं म्हणून नवीन घ्यायला गेले तर चार दुकानं फिरले आणि चारही ठिकाणी एकच उत्तर, "या मॉडेलचं आता येत नाही ताई."

कव्हरचं एकवेळ सोडा. मागच्या महिन्यात फोन टेबलावर ठेवला तर तो डुगडुगायला लागला, उचलून बघितलं तर मागची पाठ एका बाजूने सुटलेली, नख आत जाईल एवढी फट, बॅटरी फुगली होती. घेऊन तीन वर्षं होऊन थोडेच महिने झाले होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले, टोकन घेऊन तासभर बसले, काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला आणि सांगितलं की मॉडेल बंद झालंय, बॅटरी येत नाही, एक्सचेंजमध्ये नवीन घेतला तर याचे दीड हजार सुटतील. बाकी सगळा फोन चालू आहे हो! स्क्रीनवर चरा नाही, कॅमेरा चांगला, आवाज चांगला, आणि एका बॅटरीसाठी तो टाकून द्यायचा.

शेवटी तपकीर गल्लीत एका रिपेअरवाल्या दादांकडे गेले. पाठ गमने चिकटवलेली, त्यांनी ती गरम हवेने तापवली आणि प्लास्टिकची पातळ पट्टी कडेकडेने फिरवत वीस मिनिटं खपून सोडवली. पूर्वी हेच काम आपण नखाने करायचो, झाकण काढा, बॅटरी काढा, नवीन टाका, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची. दादांनी आधीच स्पष्ट सांगितलं की ओरिजिनल मिळत नाही, कॉपी लावतो, गॅरंटी नाही. ११०० रुपये घेतले, त्यांची काही चूक नाही, त्यांनाही कंपनी पार्ट देत नाही तर ते तरी काय करणार.

लोक म्हणतात एवढं काय, घेऊन टाका नवीन. माझी आई ७४ वर्षांची आहे. व्हॉट्सअ‍ॅप कुठल्या कोपऱ्यात, पैसे पाठवायचं बटण कुठे, हे तिने जागेवरून लक्षात ठेवलंय, वाचून नाही, आणि ते शिकायला तिला चार महिने लागले. नवीन फोन म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि जुनाच ठेवावा तर सिक्युरिटी अपडेट येऊन वर्ष होऊन गेलं, तिची पेन्शन याच फोनवर दिसते, रोज फसवणुकीच्या बातम्या वाचून जीव धास्तावतो.

नवीन मॉडेल काढू नका असं माझं म्हणणं नाही, वर्षाला दहा काढा. पण जे विकलंय त्याचे पार्ट आणि अपडेट किती वर्षं मिळणार ते खोक्यावर तारखेसकट छापा आणि त्या तारखेपर्यंत द्या. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, फ्रीजच्या दारावर विजेचं स्टार लेबल असतं, मग हजारो रुपयांच्या फोनवर का नाही? युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनना नियम लागू झालाय, मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं पार्ट आणि किमान ५ वर्षं अपडेट द्यायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के तरी राहिली पाहिजे, आणि फोन किती दुरुस्त होण्यासारखा आहे तेही लेबलवर द्यायचं. म्हणजे कंपन्यांना जमतं, सक्ती केली की जमतं.

आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला राईट टू रिपेअरचं, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल सुरू झालं, चांगलं झालं, पण पोर्टलवर माहिती असून माझी बॅटरी येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यात जुन्या वस्तूंच्या रिसायकलिंगची जबाबदारी कंपनीवर टाकलीय, पण चालू फोन कचऱ्यात जाऊच नये म्हणून पार्ट द्यायची सक्ती कुठाय? वस्तू किती सहज दुरुस्त होते ते दाखवणाऱ्या गुणांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाला अहवाल दिलाय. तो गुणांक खोक्यावर छापणं सक्तीचं करा, आणि ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी, आपल्या खासदारांनी हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती. तुमच्या पेपरनेही वाचकांचे असे अनुभव मागवावेत, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्या दिवशी माझ्या पुढे उभ्या असलेल्या काकांनाही हेच उत्तर मिळालं होतं.

आई अजून तोच फोन वापरतेय. फक्त बॅटरी कॉपी आहे म्हणून रात्री चार्जिंगला लावू देत नाही, संध्याकाळी मी घरी आल्यावर समोर बसून लावते आणि मध्ये मध्ये पाठीला हात लावून बघते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे