शेळीला चालणारा सुबाभळीचा पाला सशाला तसाच चालत नाही

संपादक महोदय,

ससेपालनातील खाद्यखर्च कमी करण्यासाठी सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्याची भुकटी वापरावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धवट आहे आणि त्याची किंमत वाढीच्या वयातील पिल्ले मोजतात.

उरळीकांचनच्या बाएफ संस्थेने सत्तरच्या दशकापासून सुबाभळीचा चारा म्हणून प्रसार केला आणि शेळीपालकांना तिचा उपयोगही झाला. वाळलेल्या पाल्यात साधारण २० ते २५ टक्के प्रथिने असतात, तर वाढत्या सशाला सुमारे १६ टक्के प्रथिनांचा आहार पुरतो. त्यामुळे महागड्या पेंडीला पर्याय म्हणून पाल्याकडे वळणे स्वाभाविक आहे. परंतु याच पाल्यात, विशेषतः कोवळ्या शेंड्यांत, मिमोसीन हे विषारी द्रव्य असते. शेळीच्या कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, ते निष्प्रभ करणारे जिवाणू असू शकतात. हवाईतील शेळ्यांमुळे प्रथम लक्षात आलेल्या अशा एका जिवाणूला १९९२ साली सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले. सशाला कोठीपोटच नाही. त्याच्या अन्नाचे आंबवण लहान आतड्याच्या पुढे, अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) होते आणि तोवर बरेचसे मिमोसीन रक्तात उतरलेले असते.

मग पिल्लांचे खाणे मंदावते, वजन वाढत नाही आणि केस झडू लागतात. जाळीत अडकलेले केसांचे पुंजके पाहून पुष्कळ जण खरूज समजून इंजेक्शन देतात. भुकटी मात्र चालूच राहते!

पाला नुसता उन्हात वाळवला म्हणजे प्रक्रिया झाली, असे नव्हे. मिमोसीन पाण्यात विरघळते. म्हणून पाला किमान दिवसभर भिजवून, ते पाणी टाकून देऊन, नंतर पातळ थरात कडकडीत वाळवणे हा घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय आहे. त्यात थोडी पोषकद्रव्येही वाहून जातात, ती जाऊ द्यावीत. वाळवण दमट राहिले तर बुरशी धरते आणि बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष सशाला फार थोड्या मात्रेतही मारक ठरते. एवढी काळजी घेऊनही ही भुकटी एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांपुढे नेऊ नये. नुकतेच दूध तोडलेल्या पिल्लांना ती देऊच नये, कारण त्या वयात खाद्यातील कोणताही अचानक बदल जुलाब, पोटफुगी आणि मरतुकीला आमंत्रण देतो. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे, त्यांनी लसूणघास लावावा. त्यात मिमोसीनचा प्रश्नच येत नाही.

तयार भुकटीच्या पोत्यांवर केवळ प्रथिनांची टक्केवारी छापण्याऐवजी पाला कोणता, त्यावर प्रक्रिया कोणती आणि उरलेले मिमोसीन किती, हेही छापणे पशुसंवर्धन विभागाने विक्रेत्यांना बंधनकारक करावे, ही विनंती.

आपला,
एक ससेपालक, फलटण