जय मिळाला म्हणजे देव पाठीशी होता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुठे युद्ध पेटले की बायबलमधले एखादे वचन मोबाइलवर फिरू लागते. अमुक राष्ट्र देवाने निवडलेले, तमुक राष्ट्राचा नाश आधीच लिहून ठेवलेला, असा त्याचा सूर असतो. इंदूरच्या मराठी घरांतही हे संदेश येतात. ख्रिस्ती लोक देवाला युद्धातला एक पक्षच मानतात, असा समज त्यामुळे इतरांचा होतो. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांत ख्रिस्ती बांधवच अधिक असतात. म्हणून हे पत्र दोघांसाठी.

देव राष्ट्रांच्या इतिहासात काम करतो, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव राजांना काढतो आणि बसवतो. नीतिसूत्रांच्या २१व्या अध्यायात राजाचे मन त्याच्या हाती पाटाच्या पाण्यासारखे आहे. धर्मशास्त्री या कामाची तीन अंगे सांगतात : निर्माण केलेले टिकवून धरणे, माणसांच्या कृतीत त्यांच्यासह काम करणे आणि सगळ्याला शेवटी आपल्या हेतूकडे वळवणे. मधले अंग नीट समजून घेतले नाही तर पुढचे सगळे चुकते. राजा निर्णय घेतो तो स्वतःच्या बुद्धीने, पुष्कळदा स्वतःच्या लोभाने, आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून हे विधिलिखित नव्हे. राष्ट्राचे सामुदायिक कर्मफळ तर नव्हेच.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दहावा अध्याय उघडावा. अश्शूर साम्राज्याने इ.स.पू. ७२२च्या सुमारास राजधानी शोमरोन घेऊन इस्राएलचे उत्तरेकडचे राज्य संपवले. त्या अश्शूराला यशया देवाच्या क्रोधाचा सोटा म्हणतो. संदेश पाठवणारे पाचव्या वचनातले हे शब्द उचलतात आणि तिथेच थांबतात. सातव्या वचनात लगेच सांगितले आहे की अश्शूराच्या मनात देवाचे काम करण्याचा विचारही नाही, त्याला फक्त राष्ट्रे नष्ट करायची आहेत. बाराव्या वचनात देव म्हणतो, यरुशलेमेतले माझे काम आटोपले की या राजाच्या उन्मत्तपणाचा समाचार घेईन. पंधराव्यात तर प्रश्नच आहे : कुऱ्हाडीने लाकूडतोड्यापुढे तोरा मिरवावा काय? देवाने वापरले म्हणजे देवाला पसंत पडले, असे हा अध्याय म्हणत नाही. उलट ज्याला वापरले त्याचाच हिशेब सर्वांत कडक होतो. अश्शूराची राजधानी निनवे इ.स.पू. ६१२मध्ये पडली.

इराणच्या कोरेश (सायरस) राजाचे उदाहरण याहून बोलके आहे. यशयाच्या ४५व्या अध्यायात देव त्याला आपला अभिषिक्त म्हणतो. इ.स.पू. ५३९मध्ये त्याने बाबेल (बॅबिलोन) घेतले आणि तिथे हद्दपारीत असलेल्या यहुद्यांना मायदेशी जाऊ दिले. पण त्याच अध्यायाच्या चौथ्या व पाचव्या वचनांत दोनदा म्हटले आहे की तो देवाला ओळखत नव्हता. १८७९मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेला कोरेशाचा मातीचा लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१३च्या अखेरीस तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आला होता. त्यात कोरेश आपल्या विजयाचे श्रेय बाबेलच्या मर्दुक देवाला देतो. एकाच घटनेचा राजाने लावलेला अर्थ आणि संदेष्ट्याने लावलेला अर्थ पूर्ण वेगळे आहेत. रणांगणावरच्या निकालातून देवाचे मन थेट वाचता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. हल्ली हव्या त्या नेत्याला ‘आजचा कोरेश’ म्हणण्याची टूम निघाली आहे. हुसकावलेल्या लोकांना कोरेशाने घरी जाऊ दिले होते. उपमा द्यायचीच तर आधी तेवढे तपासावे.

मग देव राष्ट्रांना कुठल्या मापाने मोजतो? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर आमोसाच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. इ.स.पू. आठव्या शतकातला हा मेंढपाळ आठ राष्ट्रांची नावे घेतो. दमास्कसवर आरोप : गिलादच्या लोकांना लोखंडी मळणीयंत्रांखाली मळले. गज्जावर : अख्ख्या वस्त्या पकडून अदोमाला गुलाम म्हणून विकल्या. अम्मोनावर : आपली सीमा वाढवायची म्हणून गरोदर स्त्रियांची पोटे फाडली. मवाबावर : अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. या शेवटच्या गुन्ह्यात इस्राएलाचे काहीच बिघडलेले नव्हते. एका परक्या राष्ट्राने दुसऱ्या परक्या राष्ट्राच्या मृताची विटंबना केली आणि तीही देवाने नोंदवली. ऐकणारे इस्राएली इथपर्यंत खूश असणार. मग दक्षिणेकडचे यहूदाचे राज्य येते आणि शेवटी स्वतः इस्राएल. इस्राएलावरचा आरोप सर्वांत लांबलचक आहे : तुम्ही गरिबाला चपलांच्या एका जोडाच्या किमतीला विकता. नवव्या अध्यायाच्या सातव्या वचनात तर देव विचारतो, तुम्हांला मिसर देशातून आणले तसे पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मीच आणले नाही काय? ‘निवडलेले राष्ट्र’ या शब्दांवर हक्क सांगणाऱ्याने हे वचन पाठ करावे. निवड होते ती जबाबदारीसाठी.

यिर्मयाच्या २२व्या अध्यायात हेच माप राजाला लावले आहे. मजुरांना वेतन न देता गंधसरूचा वाडा बांधणाऱ्या राजाला संदेष्टा त्याच्या बापाची आठवण देतो : त्याने दीनदुबळ्यांना न्याय दिला, मला ओळखणे ते हेच ना? अहिल्याबाईंचे नाव लढायांपेक्षा न्यायासाठी आणि घाट-विहिरींसाठी घेणाऱ्या इंदूरकरांना हे वचन समजावून सांगावे लागू नये.

हे माप सोडले की काय होते, ते दक्षिण आफ्रिकेत दिसले. १६ डिसेंबर १८३८ रोजी झुलू सैन्याशी लढण्यापूर्वी बोअर लोकांनी (तिथे वसलेल्या डच वंशाच्या गोऱ्यांनी) देवाला नवस केला होता की जय मिळाला तर हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या पाळू. सुमारे ३००० झुलू मारले गेले, बोअरांपैकी तिघे फक्त जखमी झाले. एका बाजूला भाले, दुसऱ्या बाजूला बंदुका, तोफा, गाड्यांचा कोट आणि नदीचा आडोसा, म्हणून हा निकाल लागला. पण पुढच्या पिढ्यांनी त्यातून आपण देवाचे खास लोक असल्याचा दाखला काढला आणि वर्णभेदी राजवटीला तो उपयोगी पडला. हा अर्थ ख्रिस्ती लोकांनीच मोडून काढला, हेही सांगायला हवे. १९८२मध्ये ओटावा येथे सुधारित मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले. १९८५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या धर्मशास्त्र्यांनी कैरोस जाहीरनामा काढून, रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय दाखवून जुलमापुढे मान तुकवायला सांगणाऱ्यांना उत्तर दिले. अधिकारी देवाचे सेवक आहेत, असे तो अध्याय म्हणतो. प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायात मात्र तीच रोमी सत्ता श्वापदाच्या रूपात येते. दोन्ही अध्याय एकाच बायबलात आहेत आणि ते एकत्रच वाचावे लागतात.

यहेज्केलाच्या ३८व्या अध्यायातल्या गोगचा, म्हणजे इस्राएलावर चालून येणाऱ्या शत्रूचा, शोध तर कधी संपतच नाही. चौथ्या शतकात बिशप अँब्रोजला तो गॉथ टोळ्यांत दिसला, सोळाव्या शतकात ल्यूथरला तुर्कांत, शीतयुद्धात अनेक प्रवचनकारांना सोव्हिएत रशियात. प्रत्येकाला आपल्या काळचा शत्रूच सापडला. धर्मशास्त्री ऑगस्तीनाने पाचव्या शतकातच बजावले होते की गोग व मागोग म्हणजे जगाच्या एका कोपऱ्यातली ठरावीक टोळी समजू नका. तेव्हा ऐकले गेले नाही, आजही ऐकले जात नाही.

आपत्तीबद्दल येशूचे उत्तर लूकच्या १३व्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय? येशू स्पष्ट ‘नाही’ म्हणतो आणि बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो : पश्चात्ताप तुम्ही करा. १९३४च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला, हा वाद जाणकार वाचकांना आठवेल. अस्पृश्यता पाप आहेच. पण ढिगाऱ्याखाली गाडले गेले ते त्या पापाचे धनी होते असे म्हणायला येशूच्या शिकवणीत आधार नाही.

असा संदेश हाती आला तर पुढे पाठवण्याआधी तो अध्याय सबंध वाचावा, शिवाय त्याच्या मागचा व पुढचा. तो कोणाला उद्देशून आणि कोणत्या संकटात सांगितला, ते पाहावे. चांगल्या अभ्यास-बायबलात प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी हे दिलेले असते. मग यिर्मया १८ मधली ७ ते १० ही वचने वाचावीत. राष्ट्राच्या नाशाचे भाकीत सशर्त असते, ते राष्ट्र वळले तर देव आपला बेत बदलतो, असे तिथे लिहिले आहे. योनाने निनवेला ४० दिवसांची मुदत दिली होती, लोकांनी पश्चात्ताप केला आणि शहर वाचले. संदेशात तारीख दिली असेल तर तो तिथेच पुसून टाकावा. शेवटच्या त्या दिवसाविषयी पुत्रालाही, म्हणजे येशूलाही, ठाऊक नाही, असे मार्क १३:३२ सांगते. ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून बसलेल्या हजारो अमेरिकनांचे घोर निराशेने काय झाले ते इतिहासात आहे. आणि शेवटी शत्रुराष्ट्राच्या नावाच्या जागी आपल्या देशाचे नाव घालून तोच आरोप वाचावा. तसे वाचण्याची तयारी नसेल तर आमोस आपल्याला कळलेला नाही.

प्रार्थनेचेही तसेच. पौलाच्या नावे असलेले तीमथ्याला पहिले पत्र राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगते. शासनकर्त्यांसाठी प्रार्थना इंदूरच्या चर्चमध्येही होतात. त्यांत विजय मागण्यापेक्षा स्तोत्र ७२ प्रमाणे राज्यकर्त्याला न्यायबुद्धी, गरिबांचे रक्षण आणि दोन्ही बाजूंच्या मृतांच्या घरच्यांना आधार मागावा. मध्यस्थीच्या प्रार्थना लिहून देणाऱ्यांनी एवढी काळजी घेतली तर बाकीचे पुष्कळ आपोआप सुधारेल.

आपल्यालाही एक विनंती आहे. बायबलच्या आधाराने एखाद्या युद्धाचा अर्थ लावणारा मजकूर छापायचा झाल्यास पुस्तक, अध्याय आणि वचनाचा आकडा सोबत द्यावा, म्हणजे वाचकाला ते उघडून पाहता येईल. आणि शहरातल्या एखाद्या पाळकांना किंवा फादरना छपाईपूर्वी विचारून घ्यावे.

आपला,
बायबल अभ्यासवर्गाचा एक शिक्षक, इंदूर