दहाव्या एकाचा हातचा

डोंबिवली

प्रिय बंड्या,

दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही, कबूल. शिव्या भेटल्यावर घाल. साखर ताब्यात आहे, गुडघे नाहीत. झालं.

सकाळच्या फास्टला दारात लटकून आपण नुसत्या एकांच्या संख्यांच्या वर्गांवरून भांडायचो, आठवतं? ११ चा १२१, १११ चा १२३२१, करत करत नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. तू म्हणायचास, दहाव्याला मनोरा कोसळतो. मी म्हणायचो, छे, ऐटीत उभा राहतो. तुझा आठ आकडी कॅल्क्युलेटर पाच एकांनाच मान टाकायचा, म्हणून माझा आवाज जिंकला आणि वडापाव तुझ्या खिशातून गेला.

गेल्या आठवड्यात चिमीनं (हो, तुझ्या शर्टावर दूध काढणारीच, आता सातवीत आहे) तेच विचारलं. मी छातीठोक सांगून मोकळा. वर गावाचा अभिमान: देवळालीच्या गणिती कापरेकर मास्तरांना या संख्या आपल्याच स्टेशनवर सुचल्या, म्हणून त्यांना 'डेम्लो' संख्या म्हणतात; डेम्लो म्हणजे तेव्हाची डोंबिवली. एवढं ऐकल्यावर पोर कशाला शंका घेईल? तिनं वर्गात फळ्यावर लिहिलं. सगळे हसले.

रात्री मी उभी मांडणी केली. एकांच्या दहा ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या रकान्यात दहा एक. शून्य मांडलं, हातचा एक. तो शेजारच्या नवात गेला, पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठात गेला, आठाचा नऊ झाला आणि तिथं थांबला. १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठच गायब! १२३४५६७९ ला ९ नं गुणलं की नऊ एक येतात ना, तिथंही आठच नसतो. लबाड आहे तो आकडा.

चुकलो त्याचं काही नाही रे. चिमी आता गणित घेऊन येतच नाही. मीच गेलो मग. म्हटलं, नऊ एकांचे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. त्यामुळे वर्गाचे विभाजक ४५. ती म्हणाली, "तपासलंत ना बाबा?" लागलं. तुझ्यावर ओरडताना मी तरी कुठं तपासलं होतं?

काल टेबलावर चिमीची चिठ्ठी होती: सगळे एकच असलेल्या संख्या मूळ कधी असतात? ११ आहे, मग थेट १९ एकांची, मग २३ एकांची. अशा अनंत आहेत का, ते अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही. पण हे मी सांगितलं, तर तिला वाटेल बाबांनी आणखी एक थाप मारली. तू फोन करून सांग. तुझं ऐकेल.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? दुकान? पोरगा अजून पुण्यातच?

रविवारी ये. वडापाव माझ्याकडून. व्याज मागू नकोस.

तुझा,
अव्या